कर्नलचं ‘घरचं’

कर्नल फौजेत कधीच नव्हता. कराडला लागून मलकापूर, ते ओलांडून आत गेलं की त्याचं गाव. तिथं घरटी एक माणूस फौजेत. ओट्यावर बसलेला म्हातारा दिसला की तो निवृत्त हवालदार असायचा नाहीतर सुभेदार, आणि दोन्ही नसला तर त्याचा पोरगा तरी सीमेवर. अशा गावात ‘कर्नल’ ही पदवी जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या, किडकिडीत, अंगाला कधी वर्दी न लागलेल्या माणसाला मिळाली. दिली गावानं, पण ओढवून घेतली त्यानं स्वतःच्या तोंडानं.

झालं असं, की संगणक सुरू केल्यावर आत कुणी काय काम कधी करायचं हे ठरवणारा एक मूळ गाभा असतो. आमच्या धंद्यात त्याला कर्नल म्हणतात. फौजेतला कर्नल आणि हा कर्नल यांचा उच्चार आपल्याकडं अगदी एक. पारावर एका सुभेदारांनी याला विचारलं, “काय करतोस रं हल्ली?” हा म्हणाला, “कर्नल लिहितोय.” सुभेदार सावरून बसले. “कंच्या युनिटचा?” “युनिट कुठलं? माज्या घरातच असतोय. अजून नीट उभा ऱ्हात न्हाई, सारका पडतोय.” सुभेदारांचं टाळकं सटकलं. कर्नलसाहेब पडतात म्हणतो हे कार्टं! ते तडक याच्या वडिलांकडं तक्रार घेऊन गेले. खरा प्रकार कळल्यावरही त्यांचा राग गेला नाही. हुद्दा असा कुणीही वापरायचा नसतो, म्हणाले. त्यावर हा म्हणाला, “सुभेदारसाहेब, तुमचा कर्नल हुकूम सोडतो, माजा बी हुकूमच सोडतो. फकस्त माज्याला पेन्शन न्हाई.” दुसऱ्या दिवसापासून तो कर्नल झाला, आणि शाळेच्या दाखल्यावरचं त्याचं नाव दाखल्यावरच राहिलं.

माझं सांगलीत जुन्या संगणकांचं दुकान आहे. घराणं हळदीच्या व्यापारातलं. मी एकटाच पिवळ्या धंद्यातून काळ्या तारांच्या धंद्यात आलो, म्हणून चुलत्यांच्या लेखी वाया गेलेला. कर्नल आणि मी सांगलीत डिप्लोमाला एका वर्गात होतो. तो मला पहिल्या दिवसापासून ‘शेट’ म्हणायचा. मी शेटबीट काही नव्हतो, पण सांगलीचा जैन म्हणजे शेटच असणार अशी त्याची ठाम समजूत, आणि त्याची समजूत बदलायचा खटाटोप शहाण्यानं करू नये.

खरं तर तो डिप्लोमाला आला तोच उरलासुरला पर्याय म्हणून. आजा फौजेत, बाप फौजेत, थोरला भाऊ फौजेत. हाही साताऱ्याला भरतीला गेला, धावण्यात पुढच्या दहांत आला, छाती भरली, आणि डोळ्यांच्या तपासणीत आपटला. उजेडात सगळं ठीक, पण दिवेलागणीनंतर त्याला धड दिसत नव्हतं. घरच्यांना वाटायचं, पोरगं अंधाराला भितंय. पुढं मिरजेच्या एका डॉक्टरांनी खुलासा केला. डोळ्यांचा पडदा कडेकडेनं वाळत चाललाय, नजर बाहेरून आत आवळत जाणार, शेवटी मधोमध एक भोक उरणार आणि एक दिवस तेही बुजणार. औषध नाही. किती वर्षांत, ते सांगता येत नाही. दवाखान्यातून तो थेट माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, “डॉक्टर तारीख देईना, शेट. मग म्हटलं, आपणच काढावी.”

त्याची तारीख काढायची रीत जगात दुसऱ्या कुणाची नसेल. भिंतीवरचं कॅलेंडर हातभर अंतरावर धरायचं, मधल्या तारखेवर नजर रोवायची, डोळा हलू द्यायचा नाही आणि एका वेळी किती तारखा दिसतात ते मोजायचं. सुरुवातीला महिनाच्या महिना दिसायचा. मग कडेच्या तारखा पुसट झाल्या. दर महिन्याला एका मंगळवारी तो तपासणीला मिरजेला येई, तिथून माझ्याकडं, आणि पायरी चढतानाच सांगे, “सव्वीस.” पुढं बावीस झाले. लोक हवापाणी सांगतात तसा तो आपली नजर सांगे. माझा चेहरा पडला की तो माझ्यावरच डाफरायचा, “तोंड कशाला पाडतोस? तुज्या तारखा गेल्यात व्हय?”

कर्नलनं स्वतःची कार्यप्रणाली लिहायला घेतली ती या हिशेबावर. आपण संगणक उघडल्यावर जे सगळं दिसतं आणि चालतं, ते सगळं नव्यानं, पायापासून, घरी. नजर जाण्याआधी त्याला असं यंत्र हवं होतं, की जे सुरू होताना पहिल्या श्वासापासून बोलेल आणि बंद पडताना का पडलं ते सांगून पडेल. म्हणजे नजर गेल्यावरही त्याला ते उघडता, मोडता, दुरुस्त करता येईल. नुसतं वापरता येणं त्याला नको होतं. हातातलं काम जाता कामा नये, एवढीच त्याची अट होती. या प्रणालीचं नाव त्यानं ठेवलं ‘घरचं’.

त्या नावानं एकदा एस.टी.त अनर्थ केला. सांगली-कराड गाडीत त्याच्या शेजारी गावाकडची एक म्हातारी बसली होती. मी त्याला बसवून द्यायला गेलो होतो. खिडकीतून मी विचारलं, “आणि घरचं कसं आहे?” तो म्हणाला, “घरचं काल तीनदा मेलं. सकाळी उठवलं तर परत मेलं.” म्हातारीनं त्याचा दंडच धरला. “अरं लेकरा, आनि तू हितं फिरतुयास?” तो तिला कराडपर्यंत समजावत गेला असणार. मी मात्र स्टँडवर पोट धरून हसलो, आणि हसता हसता आठवलं की त्या दिवशी त्यानं ‘एकोणीस’ सांगितलं होतं.

आता त्याच्या आराखड्याबद्दल. मोठ्या कंपन्यांत याला रोडमॅप म्हणतात. रंगीत चौकटी, बाण, तिमाह्या, सगळा थाट. कर्नलचा रोडमॅप जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर, काळ्या मार्करनं, पंजाएवढ्या अक्षरांत. टप्पे चारच. ‘हाक’ म्हणजे यंत्रानं नुसतं टूं करणं. ‘बोल’ म्हणजे शब्द बोलणं. ‘वही’ म्हणजे लिहायची आणि लिहिलेलं ठेवायची सोय. आणि ‘चूल’ म्हणजे लिहिलेला प्रोग्राम त्याच यंत्रात शिजवून चालवता येणं, म्हणजे ‘घरचं’ बिघडलं तर ‘घरचं’मध्ये बसूनच नीट करता येईल. टप्प्यांपुढं महिने नव्हते, वर्षं नव्हती. हाकेपुढं लिहिलं होतं वीस, बोलपुढं पंधरा, वहीपुढं सात आणि चुलीपुढं एक. डोळ्यांत इतक्या तारखा मावत असताना हे झालं पाहिजे. असा रोडमॅप मी आजवर पाहिला नाही, आणि पुन्हा बघायला लागू नये.

तरीही मी त्याच्याशी भांडलो. कबूल करतो. माझं म्हणणं व्यवहाराचं होतं. “अरे, जगभर लोक आधी पडद्यावर अक्षर उमटवतात, मग पुढचं. तुझ्या यादीत पडदाच नाही!” तो म्हणाला, “मला दिसनार न्हाई त्या जागंवर मी रांगोळी घालू?” मी म्हटलं, “तयार प्रणाली घे. पडदा वाचून दाखवणारे प्रोग्राम आहेत, फुकट आहेत, चांगले आहेत.” त्यावर त्यानं मला त्याचं ठरलेलं वाक्य ऐकवलं, “भाड्याच्या घरात खिळा ठोकायला बी इचारावं लागतं. आनि तुजं त्ये वाचनारं कवा जागं हुतं? सगळं घर उठल्यावर. चूल पेटायच्या आधीच घर पडलं, तर सांगनार कोन? मरताना तरी बोलाय पायजे का नको?” मग मी शेवटचं काढलं, “असली कामं हजार माणसं मिळून करतात, बाबा.” तर म्हणतो, “हजार मानसांचं जेवान करायला हजार लागत असतील. मला माज्यापुरती भाकरी थापायचीय.” मी चहा मागवला. एकदा तो भाकरीवर आला की वाद संपलेला असायचा.

त्याची दुसरी खोड म्हणजे खोडणं. आराखड्यात भर घालताना मी त्याला क्वचितच पाहिलं. खोडताना मात्र दर वेळी. चित्रं खोडली, रंग खोडले, माउस खोडला. एका मंगळवारी इंटरनेट खोडलं तेव्हा मी ओरडलोच. “अरे, इंटरनेटशिवाय काय उपयोग त्याचा?” “उसाची बांधणी करताना काय करत्यात? जादा फुटवं काढत्यात का ठेवत्यात?” माझ्या सात पिढ्यांत कुणी ऊस लावला नव्हता, पण त्याला हे कितीदा सांगणार? “पयल्या पिकाला जेवढं झेपतंय तेवढंच ठेवायचं. बाकीचं खोडव्याला बघू.” ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यातून जे दुसरं पीक येतं, तो खोडवा. त्याच्या बोलण्यात दुसरी आवृत्ती नावाचा शब्दच नव्हता, खोडवाच होता. खोडल्यावर मार्करचं टोपण तो असं कचकन लावायचा, की जणू गावातलं एखादं भांडण मिटवून आलाय.

हाक वेळेत झाली. यंत्र टूं करायला लागलं, तेव्हा चोवीस तारखा शिल्लक होत्या. बोलसाठी आवाज हवा होता, म्हणून त्यानं आईला बसवलं. मी मोबाइल घेऊन गावी गेलो, ध्वनिमुद्रणाला. मावशींना, म्हणजे त्याच्या आईला, एकेक शब्द सांगायचा आणि त्यांनी तो म्हणायचा. ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ त्यांनी झटक्यात दिले. “आता म्हणा, एरर.” “म्हंजी?” “म्हणजे काहीतरी चुकलं.” “मग चुकलं म्हनू की! त्ये एरर-फिरर कुनाला सांगायचं?” त्यामुळं ‘घरचं’मध्ये एरर नाही, चुकलं आहे. पुढं प्रोग्रामातली चिन्हं आली. महिरपी कंस कागदावर काढून दाखवला, तर मावशी पदराआड हसायला लागल्या. “आगं बया, ही तर मिशी!” फौजी गावातल्या बाईला तो कंस दुसरा काय दिसणार? डावी मिशी आणि उजवी मिशी. स्वल्पविरामावर टिंब दिलं की जे चिन्ह होतं, त्याला त्या म्हणाल्या टिंब-शेपूट. कर्नलनं सगळं जसंच्या तसं ठेवलं. “आई म्हनंल त्ये परमान,” म्हणाला. दुपारभर ती माउली “डावी मिशी, उजवी मिशी” करत बसली होती, आणि ओट्यावरचे आबा, म्हणजे कर्नलचे वडील, आपल्या मिशीवर हात ठेवून आत डोकावत होते.

आबांचं आणि त्याचं बोलणं बेताचंच होतं. भरतीतून परत आला त्या दिवसापासून आबा त्याच्याशी कामापुरतं बोलत. रागावले नव्हते. पण तीन पिढ्यांत या घरचा हा एकच पोरगा बिनवर्दीचा राहिला, हे त्यांना पारावर बसताना टोचत असे. ‘कर्नल’ म्हणून पोरं हाक मारत तेव्हा तर ते उठून आतच जात.

आणि मग मी माती खाल्ली. सरळ सांगतो, कारण हे लपवून त्याच्याबद्दल काही सांगायचा मला अधिकार नाही. विजेच्या चढउतारानं त्याचं यंत्र जळलं आणि त्यानं ते माझ्याकडं आणून टाकलं. आत बघतो तर जळलेला फक्त वीजपुरवठ्याचा डबा, पण बोर्ड जुनापुराणा. मला वाटलं, आपल्या दोस्ताला चांगलं काहीतरी द्यावं. मी त्याला न विचारता नवा, दणकट बोर्ड बसवला आणि जुना भंगारात घातला. त्याचं नुकसान तेवढ्या एका दयेनं झालं. प्रत्येक बोर्डावरची आवाजाची चिप वेगळी असते, आणि तिला वेगळ्या बोलीत सांगावं लागतं. जुन्या चिपची बोली शिकायला कर्नलनं आठ महिने घातले होते. आदल्याच आठवड्यात तिच्यातून खरखरत का होईना, ‘व्ह’ असा अर्धा शब्द निघाला होता. नवा बोर्ड शब्दाला मुका. मी मिरजेच्या रस्त्याला भंगारवाल्याकडं धावलो. त्यानं माल पुढं लावून टाकला होता. आसपासची सगळी दुकानं पालथी घातली. तसला बोर्ड मिळाला नाही.

त्या मंगळवारी तो आला. पायरीवर म्हणाला, “अकरा.” मी सगळं सांगितलं. शिव्या खायच्या तयारीनं उभा होतो, दोन थोबाडीत बसल्या असत्या तरी चाललं असतं. चहा आला, निवला. मग त्यानं पिशवीतून कॅलेंडरचं पान काढलं, बोलपुढचे पंधरा खोडले आणि वर पुन्हा मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘हाक’. “शेट,” म्हणाला, “टूं करतोय न्हवं नवा बोर्ड? मग झालं. हाकंवर सुरू करू.” मी म्हटलं, “कर्नल, माझ्यामुळं...” तर एकदम कडाडला, “गप! तुज्या माफीवर चिप चालती का? मग ठेव ती तुज्यापाशी. मला वायर दे!” मी त्याला वायर दिली. आयुष्यात एवढी चांगली शिवी मला कुणी दिली नसेल.

गावी जाऊन त्यानं टूं-टूं सुरू केलं. यंत्र अडलं की अडलेल्या जागेच्या नंबराइतक्या वेळा वाजणार आणि हा मोजणार. नंबर सदतीस असेल तर सदतीस वेळा. मध्ये मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. चार दिवस ओट्यावरून ते ऐकून आबांचं डोकं उठलं. पाचव्या दिवशी सकाळी ते दारात येऊन उभे राहिले. “ह्ये काय कोंबडीगत टुकटुक लावलंस? मोजत बसतोस व्हय? आमी येवढ्या येळात अख्खा मेसेज पाठवत हुतो!” कर्नलनं मान वर केली. आबांनी बावीस वर्षं फौजेच्या सिग्नलमध्ये काढली होती, आखूड-लांब ठोक्यांच्या तारेच्या लिपीत. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, पण पोरानं कधी विचारलं नव्हतं आणि बापानं कधी सांगितलं नव्हतं. दोघंही तसलेच. “शिकवता?” कर्नलनं विचारलं. आबा आत गेले आणि पितळी ताट-चमचा घेऊन बाहेर आले. “कान खोलके सुन,” म्हणाले.

पुढच्या खेपेला मी गावी गेलो, तर घराचा फौजी तळ झालेला. आत यंत्र डा-डिट-डा करतंय, कर्नल डोळे मिटून ऐकतोय आणि बाहेरून आबांचा आवाज, “चुकलास! क्यू न्हाई, वाय हाय त्यो! फिरसे!” मावशी मला म्हणाल्या, “आता दोघं बी कामातनं गेलं.” पण त्यांचा चेहरा वेगळंच सांगत होता. भिंतीवरच्या आराखड्यात हाक आणि बोल यांच्या मधोमध पंजाएवढ्या अक्षरांत एक नवा टप्पा आला होता, ‘आबा’. आणि पारावर कुणी विचारलं तर आबा आता स्वतःच सांगत होते, “कर्नल हाय आत. कामात हाय.”

ठोक्यांच्या जोरावर त्यानं नव्या चिपची बोली शिकून घेतली. आता यंत्र प्रत्येक पायरीवर सांगत होतं, इथंवर आलो, इथं अडलो. जिथं आठ महिने गेले होते तिथं पाच लागले. डोळ्यांत तीन तारखा उरल्या होत्या तेव्हा एका सकाळी माझा फोन वाजला. पलीकडून मावशींचा आवाज, ठणठणीत, “व्हय.” मी म्हटलं, “बोला मावशी, काय व्हय?” परत, “व्हय.” मग मागून कर्नलचं हसणं ऐकू आलं आणि माझी ट्यूब पेटली. मी दुकानात, गिऱ्हाइकासमोर, ढसाढसा रडलो. फोनवर पलीकडं खऱ्या मावशी विचारत होत्या, “ह्यो माजा आवाज? येवढी खेकसती मी?” आणि लांबून आबा, “त्याहून जादा.”

वही झाली तेव्हा एक तारीख उरली होती. त्याच सुमारास आमच्या जुन्या कॉलेजनं त्याला भाषणाला बोलावलं. मीच घेऊन गेलो. निवेदक बाईंनी गोड आवाजात ओळख करून दिली, “दृष्टी अधू असूनही...” कर्नल उठला, माईक चाचपला आणि म्हणाला, “बाई, त्ये ‘असूनही’ काढा. माजं डोळं चांगलं असतं, तर मी बी तुमच्यागत फुकटचं घिऊन गप बसलो असतो. डोळं गेलं म्हनून कर्नल झाला. हिशेब उलटा करू नगा.” टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी तो आणखी भडकला. “टाळ्या नगा वाजवू, प्रश्न इचारा!” कुणी विचारले नाहीत. परतताना गाडीत तो कॉलेजच्या नावानं बोटं मोडत होता आणि मला अपार आनंद होत होता.

चुलीच्या वेळी एकही तारीख उरली नाही. प्रोग्राम शिजवणारी छोटी चूल त्यानं फुकटात मिळणारी कुणाची तरी आणली आणि महिनोन्महिने कानानं ऐकत, आईच्या आवाजातल्या मिश्या मोजत, आपल्या मापाची करून घेतली. आता मिरजेला जायचं कारण संपलं होतं. मंगळवार आले आणि गेले, माझ्या पायरीवर कुणी आकडा सांगितला नाही. मी शटर ओढायचो आणि चिडचिड करत घरी जायचो. बायको विचारायची, काय झालं, तर सांगता येत नसे.

शेवटी मीच गेलो. तो ओट्यावर बसला होता, चष्मा नव्हता. माझ्या पावलांवरून म्हणाला, “या शेट, चपला नव्या दिसत्यात.” मी सांगलीहून चार धीराचे शब्द जुळवून आणले होते. त्यानं ते काढूच दिले नाहीत. मला आत नेऊन यंत्रापुढं बसवलं. “मी भाईर जातो. तू आत काय बी बिघडव. कुठं, काय, सांगू नगंस. बगू, मला घावतंय का.” मी म्हटलं, “कशाला, कर्नल? झालंय ना सगळं?” “झालंय का न्हाई, त्येच तर बगायचंय. मी एकट्यानं लिवलेलं मला कळतंयच की रं. दुसऱ्यानं मोडलेलं घावलं, तर काम हातात ऱ्हायलं म्हनायचं. न्हाईतर गेलं.” एवढं बोलून तो भिंतीला हात लावत बाहेर गेला.

मी वही उघडली. त्याची ओळीवर ओळ, वर्षांची वर्षं, माझ्यासमोर. बिघडवायला हात धजेना. हे त्याला सापडलं नाही तर? तो पुन्हा या खुर्चीत बसेल का? शेवटी चाळिसाव्या ओळीतल्या एका नावातलं एक अक्षर तेवढं गाळलं आणि त्याला हाक मारली. तो आला, बसला, बोटं फिरली. मावशी यंत्रातून म्हणाल्या, “चुकलं. ओळ चाळीस.” त्यानं ओळ ऐकली, अक्षर घातलं, चूल लावली, यंत्र उठलं. चहा गाळून होईपर्यंत सगळं आटोपलं. मी सुटकेचा श्वास टाकला. “वा, कर्नल!”

तो माझ्याकडं वळला. तसा संतापलेला मी त्याला बोर्डाच्या वेळीही पाहिला नव्हता. “शेट, मी काय बालवाडीत हाय? एक अक्षर गाळतोस? माजी कीव कराय आलास सांगलीस्नं?”

“तसं नाही रे...”

“तसंच हाय! कीव करून एकदा बोर्ड बदललास, आता अक्षर गाळतोस. दुश्मनागत बस त्या खुर्चीत. नीट बिघडव!”

आणि तो पुन्हा भिंत चाचपत बाहेर गेला. ओट्यावरून आबांनी विचारलेलं मला ऐकू आलं, “घावलं का?” आणि त्याचं उत्तर, “त्यानं अजून बिघडवलंच न्हाई.”

मी बाह्या सरसावल्या. डोळे पुसले. आणि या खेपेला, त्याची शपथ, मनापासून बिघडवलं.